पूर ओसरल्यावर : ओल, बुरशी आणि घराचा जमाखर्च

आपल्या सीमाभागाला पूर नवा नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा एवढ्या नद्या ज्या जिल्ह्यातून वाहतात, तेथे आषाढ-श्रावणात पाण्याची धास्ती असायचीच. २००५ च्या पुराच्या आठवणी घरची वडील माणसे सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला पूर मात्र आमच्या पिढीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पाणी चढत असते तेव्हा वर्तमानपत्रात रोज बातमी असते. अमुक पूल पाण्याखाली गेला, तमुक गावाचा संपर्क तुटला, इतकी कुटुंबे शाळेत हलवली. पाणी ओसरले की बातमीही ओसरते.

पण पूर घरातून निघून जातो तो केवळ वरवर. भिंतीत, फळीत, गादीत, कपाटामागे तो पुढे महिनोन् महिने मुक्काम करतो. त्याच्या ह्या मुक्कामातून एक दुसरी आपत्ती उगवते. तिचा पंचनामा होत नाही आणि तिला नुकसानभरपाईही नाही. ती आपत्ती म्हणजे बुरशी. आपल्या कन्नड विभागाचे वाचक हिलाच बूष्टु म्हणतात. नाव कोणतेही घ्या, कुबट वास तोच.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने बुरशीवर लिहावे ह्याचे काहींना नवल वाटेल. हा विषय जीवशास्त्राच्या मंडळींचा, असे माझ्या मैत्रिणींनीही सुनावले. पण पुरानंतरचे घर मी जवळून पाहिले ते वेदगंगेकाठच्या माझ्या आजोळी, आणि तेथे माझ्या ध्यानात आले की बुरशी हा जितका विज्ञानाचा तितकाच जमाखर्चाचा विषय आहे. एकाच भिंतीवर दोनदा पैसे घालणारी घरे मी पाहिली आहेत. ह्या लेखात सांगायचे आहे ते एवढेच की, पुरानंतर घर स्वच्छ दिसू लागले म्हणजे ते दुरुस्त झाले असे नाही. घर वाळले म्हणजेच ते दुरुस्त झाले. बाकी सगळे खर्च त्यानंतरचे.

बुरशीला काय लागते?

बुरशी ही वनस्पती नव्हे, प्राणीही नव्हे. सजीवांचा तो एक वेगळाच वर्ग आहे. तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. म्हणून ती दुसऱ्याच्या जिवावर, म्हणजे लाकूड, कागद, कापूस, कातडे, खळ, धूळ ह्यांवर जगते. तिची बीजे अतिशय सूक्ष्म असतात आणि ती हवेत सर्वत्र तरंगत असतात. आपल्या वर्गात आहेत, ग्रंथालयात आहेत, देवघरातही आहेत. ती घरात येऊच नयेत असा बंदोबस्त कोणालाही करता येणार नाही. सगळीच बुरशी वाईट असते असेही नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला तो एका बुरशीमुळेच.

ह्या बीजांना रुजायला चार गोष्टी लागतात : हवा, बेताची ऊब, अन्न आणि पाणी. हवा तर आहेच. ऊब म्हणाल तर आपल्याला जी हवा सुखाची वाटते तीच बुरशीलाही मानवते. अन्न घरभर पसरलेले आहे. राहता राहिले पाणी. चारांपैकी आपल्या हातात असलेली गोष्ट ही एकच. म्हणून बुरशीविरुद्धची सारी लढाई शेवटी पाण्याविरुद्धची लढाई ठरते. औषधे आणि फवारे ही तिची दुय्यम हत्यारे होत.

वस्तू भिजल्यापासून चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ती वाळवली तर बुरशी सहसा धरत नाही, असे जगभरचे जाणकार सांगतात. त्यानंतर मात्र बीजे रुजू लागतात आणि काही दिवसांत काळे, हिरवे, पांढरे ठिपके डोळ्यांना दिसू लागतात. आता गंमत अशी की, आपल्याकडे पूर दोन-तीन दिवस घरातच ठाण मांडतो. म्हणजे आपण उंबरठा ओलांडून आत पाऊल टाकतो तेव्हाच मुदत संपत आलेली असते. तेव्हा पहिल्या दिवशी काय करायचे हे आधीपासून ठाऊक असणे महत्त्वाचे.

भिंतीत पाणी किती?

भिंत ओली आहे असे आपण सहज म्हणून जातो. पण ओली म्हणजे किती ओली? एक साधा हिशेब मांडून पाहू. दहा फूट लांब व बारा फूट रुंद अशी खोली घ्या. तिच्या चारही भिंती मिळून लांबी झाली चव्वेचाळीस फूट. पाणी चार फूट चढले आणि भिंत नऊ इंची विटांची आहे असे धरा. भिजलेले बांधकाम झाले १३२ घनफूट. दाराची जागा वजा करून १२० घनफूट धरू. विटांच्या बांधकामाचे वजन घनफुटाला निदान पन्नास किलो असते. म्हणजे सहा हजार किलोची भिंत पाण्यात उभी होती.

साधी वीट चोवीस तास पाण्यात ठेवली तर तिने आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, असे भारतीय मानक सांगते. आपण निम्मेच, म्हणजे दहा टक्के धरू. सहा हजार किलोंचे दहा टक्के म्हणजे सहाशे किलो, अर्थात सहाशे लिटर पाणी. पंधरा लिटरची एक घागर धरली तर चाळीस घागरी पाणी एका खोलीच्या भिंतींत भरलेले आहे! फरशी पुसून कोरडी केली, चिखल काढला, उदबत्ती लावली, तरी ह्या चाळीस घागरी तेथेच असतात. शिवाय पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते. त्यामुळे पुराची खूण चार फुटांवर असली तरी ओल साडेचार-पाच फुटांपर्यंत सापडते.

हे पाणी जाणार कोठे? भिंतीच्या पृष्ठभागावरून ते हवेत उडून जाणार, दुसरी वाट नाही. आणि ते हळूहळूच जाते. जाड भिंतीला वाळायला इंचाला महिना, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी वाळत असेल तर चार-साडेचार महिने लागतात, आणि एका अंगाला कपाट किंवा शेजाऱ्याची भिंत असेल तर त्याहून बरेच जास्त. ऑगस्टात भिजलेली भिंत साधारण नाताळापर्यंत वाळते. हा आकडा मनात पक्का ठेवावा, कारण पुढची सर्व घाई ह्याच आकड्याच्या विरुद्ध होत असते.

श्रावणातील हवा आणि मिठाची बरणी

येथे आपली एक खास अडचण आहे. दारे-खिडक्या उघडा, घर वाळेल, असे कोणीही सांगेल. पण पूर येतो तोच मुळी पावसाळ्यात. बाहेरची हवाच पाण्याने जड झालेली असताना ती आपल्या भिंतीचे पाणी कोठे घेणार? घरातील हवेची आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असावी असे सांगतात. आपल्याकडे ऑगस्टात ती कित्येक दिवस नव्वदीच्या घरात असते.

म्हणून खिडकी कधी उघडावी आणि कधी लावावी ह्यालाही विचार हवा. हवा तापली की तिची पाणी धरण्याची शक्ती वाढते. त्यामुळे दुपारी उघडीप पडेल, ऊन येईल, वारा सुटेल तेव्हा समोरासमोरची दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. रिपरिप पाऊस चालू असताना आणि रात्री त्या लावून घ्याव्यात. पंखा असेल तर तो खिडकीत बाहेर तोंड करून ठेवावा, म्हणजे ओली हवा बाहेर ढकलली जाते. मात्र वायरमनने तपासल्याखेरीज भिजलेल्या घरात विजेचे कोणतेही बटण दाबू नये. आणि बुरशी आधीच धरली असेल तर तिच्यावर पंख्याचा झोत सोडू नये, नाहीतर तिची बीजे घरभर उडतील.

आर्द्रता मोजायचे लहान यंत्र आता बाजारात मिळते. ते नसेल तर स्वयंपाकघरातील मिठाची बरणी पाहावी. हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की मिठाला पाणी सुटते. जाड्या मिठाला तर त्याआधीच सुटते. मीठ गच्च आणि ओलसर असेल तोवर भिंत वाळत नाही असे समजावे. ते मोकळे सुटे राहू लागले म्हणजे वाळवणीला खरी सुरुवात झाली. आपल्याकडे हे बहुधा दसऱ्याच्या सुमारास घडते. त्यानंतरचे कडक ऊन आणि मग थंडीतला कोरडा वारा ही पूरग्रस्त घराची मोठी औषधे होत, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

काही ठिकाणी खोली बंद करून गॅसची शेगडी किंवा कोळशाची शेगडी पेटवून ठेवतात. हे दोन्ही उपाय वाईट. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. म्हणजे वाळवायला गेलो आणि भिजवून आलो. कोळशाच्या धगीतून तर बंद खोलीत विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, आणि तो झोपलेल्या माणसाचा जीव घेतो.

पहिले दोन-तीन दिवस

घरात शिरण्यापूर्वी बाहेरून नीट पाहावे. पांढऱ्या मातीच्या भिंती भिजल्यावर लगेच पडतातच असे नाही. पाणी ओसरल्यानंतर, कधी ऊन पडल्यावरही, त्या ढासळतात. अशा घरात जाणत्या माणसाला दाखवल्याखेरीज जाऊ नये.

आत गेल्यावर पहिले काम मोबाईलवर छायाचित्रे काढण्याचे. वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून हे मी आग्रहाने सांगते. काहीही बाहेर फेकण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे, खराब झालेल्या प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घ्यावे आणि एक यादी करावी. पंचनाम्याला तीच उपयोगी पडते आणि विमा असेल तर दाव्यालाही तीच लागते. पंचनामा व्हायचा आहे म्हणून ओल्या गाद्या आठ-आठ दिवस घरातच ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. छायाचित्र असले म्हणजे गादी अंगणात काढून ठेवता येते.

दुसरे काम चिखल काढण्याचे, आणि तो ओला आहे तोवरच. पुराच्या गाळात कुजका पालापाचोळा, शेण, सांडपाणी सगळे असते. तो एकाच वेळी पाण्याची टाकी आणि बुरशीचे कोठार असतो. फरशीवरचा गाळ सगळेच काढतात. राहतो तो कपाटाखालचा, चौकटीच्या फटीतला, ओट्याखालचा आणि जिन्याखालच्या अडगळीतला. बुरशीची पहिली चाहूल ह्याच जागी लागते.

तिसरे काम धुण्याचे : आधी साधे स्वच्छ पाणी, मग साबणाचे पाणी. चौथे, प्रत्येक वस्तू भिंतीपासून निदान वीतभर दूर सरकवण्याचे. लोखंडी कपाट धुऊन पुसून पुन्हा भिंतीला चिकटवून ठेवले की त्याच्या पाठीमागे महिन्याभरात काळी नक्षी उमटते. कपाटांची दारे उघडी ठेवावीत, खण बाहेर काढून ठेवावेत.

ठेवावे काय, टाकावे काय?

येथे मनाचा हिय्या लागतो. नियम सोपा आहे : जे पाणी पीत नाही ते धुऊन ठेवावे, जे पाणी पिते आणि लवकर वाळत नाही ते टाकावे. पितळ, तांबे, स्टील, काच, चिनी माती, जाड प्लॅस्टिक ह्या वस्तू निर्धोक. सुती कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले की चालतात. कापसाची गादी, उशा, लोड मात्र सांडपाण्यात भिजले असतील तर पिंजून घेण्याच्या भानगडीत पडू नये. वरून कोरडी लागली तरी गादी पोटात ओली राहते.

लाकडाचेही दोन प्रकार आहेत. आजोबांच्या वेळचा सागवानी पाट किंवा पेटी सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळवली तर पुन्हा उभी राहते. कडक उन्हात ठेवली तर तडकते. पण भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे आजकालचे कपाट एकदा फुगले की संपले. घसारा किती टक्के धरावा ह्याची चर्चा तेथे नकोच. छताला किंवा भिंतीला जिप्समचे तक्ते असतील आणि ते भिजले असतील, तर तेही काढून टाकावेत.

धान्याच्या बाबतीत दयामाया दाखवू नये. पुराच्या पाण्यात भिजलेले धान्य टाकावे हे सर्वांनाच पटते. पण नुसती ओल लागून बुरशी धरलेले शेंगदाणे आणि मका निवडून, धुऊन, भाजून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ह्या दोहोंवर वाढणाऱ्या एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने वा शिजवल्याने पूर्ण नाहीसे होत नाही.

वह्या, पुस्तके, दाखले

विद्यार्थ्यांच्या घरातील खरे धन कागदाचे. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर शिरला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो पुस्तके चिखलात गेली. ती बाहेर काढायला देशोदेशीचे तरुण विद्यार्थी धावले. लोकांनी त्यांना ‘चिखलातले देवदूत’ असे नाव दिले. त्या पुस्तकांपैकी कित्येक तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळवली होती. निपाणीच्या तंबाखूशी नाते असलेल्या आमच्या भागातील माणसाला हे वाचून मौज वाटल्यावाचून राहत नाही.

त्या प्रसंगापासून आणि पुढच्या अनुभवांतून जे शिकायला मिळाले ते घरीही करता येते. ओले पुस्तक जोराने उघडू नये, पाने फाटतात. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलेच ठेवून स्वच्छ पाण्यात हलकेच विसळावे. मग ते उभे ठेवून, थोड्या थोड्या पानांनंतर कोरा टिपकागद घालून, तो वरचेवर बदलत वाळवावे. वर्तमानपत्राची शाई उमटते, तेव्हा कोरा कागद बरा. सगळे एकाच दिवशी वाळवणे जमणार नसेल तर महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या खणात ठेवावेत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि सवडीने एकेक काढून वाळवता येतो. दुकानाची किर्द-खतावणीही अशी वाचवता येते.

दाखला प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतला म्हणजे तो सुरक्षित, अशी आपली समजूत असते. पण कडेने पाणी आत शिरले तर ते आतच कोंडले जाते आणि बुरशीला काचघर मिळते. असे दाखले जाणत्याकडून उघडून घ्यावेत. सर्वांत उत्तम म्हणजे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जमिनीचे उतारे, विम्याचे कागद ह्यांची छायाचित्रे पावसाळ्यापूर्वीच काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवावीत.

ब्लिचिंग पावडरविषयी

पूर ओसरला की गावात ब्लिचिंग पावडरची पोती येतात आणि ती टाकली की काम झाले असे आपण मानतो. फरशी, मोरी, संडास, पाण्याची टाकी ह्यांसाठी ती उपयोगी आहे, ह्यात वाद नाही. मात्र चिखल असतानाच ती टाकली तर तिचा जोर चिखलावरच खर्च होतो. म्हणून आधी धुणे, मग ब्लिचिंग, तेही पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच.

भिंतीच्या बुरशीवर मात्र ते ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असे होते. औषध पृष्ठभागावर राहते, त्यातील पाणी तेवढे भिंतीत मुरते. काळा डाग पांढरा झाला म्हणून बुरशी गेली असे नाही. मेलेली बुरशीही श्वासावाटे गेली तर त्रास देते. ती तेथून काढूनच टाकायला हवी. त्यासाठी साबणाच्या पाण्याचे ओले फडके बरे. कोरड्या झाडूने किंवा पॉलिश-कागदाने घासू नये, नाहीतर सगळी धूळ आपल्याच नाकात जाते. आणि एक गोष्ट कधीच करू नये : ब्लिचिंगमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड किंवा अमोनियाचे कोणतेही द्रव्य मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

धूप घालणे, कडुनिंबाचा पाला ठेवणे, कापूर ठेवणे हे आमच्या आजीचे उपाय. त्यांनी वास जातो, किडे कमी होतात, मनाला बरे वाटते. पण चाळीस घागरी पाणी कापराने उडत नाही, हे आजीलाही मान्य आहे.

रंगाची घाई

आता त्या दोनदा झालेल्या खर्चाकडे येते. २०१९ च्या पुरात आमच्या मामांच्या घरात चार फूट पाणी होते आणि समोरच्या घरातही तेवढेच. मामांकडे दिवाळीनंतर मामेबहिणीचा साखरपुडा ठरलेला. पाहुणे येणार, घर चांगले दिसायला हवे. म्हणून दसऱ्यालाच गिलाव्यावर लांबी भरून वरून चकचकीत प्लॅस्टिक पेंट काढला. साखरपुडा थाटात झाला. संक्रांतीपर्यंत रंगाला फुगे आले, शिमग्यापर्यंत पोपडे सुटले, आणि पुढच्या श्रावणात कपाटामागची भिंत काळीभोर झाली. सगळे खरवडून पुन्हा रंग द्यावा लागला. रंगाचे, मजुरीचे, लांबीचे पैसे एकाच भिंतीवर दोनदा पडले. आकडे मी मामांच्या वहीत पाहिले आहेत, पण येथे देत नाही. मामा हे वार्षिक वाचतात.

समोरच्या घरी काम करणारा गवंडी कन्नड बोलणारा. घरमालकांनी रंगाचा विषय काढला की त्याचे एकच उत्तर, “गोडे ओणगली, आमेले बण्ण.” भिंत वाळू दे, मग रंग. त्याने पोकळ वाजणारा आणि लोणा लागलेला गिलावा पुराच्या खुणेच्या वर फूटभरापर्यंत काढून टाकला, विटा उघड्या ठेवल्या, दिवाळीला नुसता चुना मारून दिला. नवा गिलावा आणि रंग गुढीपाडव्याच्या सुमारास. ते घर साखरपुड्याच्या फोटोंत शेजारून जरा भकास दिसते खरे, पण त्याची भिंत अजून धड आहे.

ह्यामागचे कारण साधे आहे. प्लॅस्टिक किंवा तेलाचा रंग म्हणजे भिंतीला चढवलेला रेनकोट. आतले पाणी बाहेर पडू शकत नाही. ते रंगाला फुगवते आणि त्याच्या पाठीमागे बुरशी पोसते. चुन्याचा लेप मात्र भिंतीला श्वास घेऊ देतो. शिवाय ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशीला सहसा थारा मिळत नाही. जुन्या काळी दर दिवाळीला चुना देण्याची जी रीत होती तिच्यात केवळ शोभा नव्हती. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करणेही ह्याच कारणासाठी टाळावे, ओल आत कोंडून भिंत पोटातून भुसभुशीत होते.

भिंत वाळली की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. फूट-दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब किंवा धुके दिसले तर भिंत अजून ओली आहे. दोन-चार ठिकाणी, विशेषतः खालच्या भागात, अशी परीक्षा करावी. हिला खर्च येतो दोन-चार रुपये.

तब्येतीची गोष्ट

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द सर्वांच्या कानांवर आला आणि तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहूनही माणसे घाबरतात. तो रोग म्युकर जातीच्या बुरशीचा. त्याला काळे म्हणतात ते रुग्णाच्या शरीराचा बाधित भाग मरून काळा पडतो म्हणून. मुख्यतः मधुमेह अनियंत्रित असलेल्या आणि स्टेरॉइड औषधे घेतलेल्या रुग्णांना तो झाला. भिंतीवरची काळी बुरशी सहसा निराळ्या जातींची असते.

म्हणून ती निरुपद्रवी आहे असे मात्र नाही. शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, खोकला हे त्रास तिच्यामुळे होतात, आणि दमेकऱ्याचा दमा वाढतो. लहान मुले, वृद्ध, दमेकरी, मधुमेही आणि मोठ्या आजारातून उठलेली माणसे ह्यांना सफाईच्या कामापासून आणि कोंदट खोलीपासून दूर ठेवावे. काम करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी, रबरी हातमोजे आणि चष्मा वापरावा. नुसता रुमाल बांधून भागत नाही. आणि काळेपणा तीन फूट लांब, तीन फूट रुंद एवढ्यापेक्षा जास्त पसरला असेल, तर ते घरच्या माणसाने एकट्याने हाती घेण्याचे काम नव्हे.

समारोप

पुरानंतर घर सावरण्याचा क्रम चार शब्दांत सांगता येतो : काढा, धुवा, वाळवा, रंगवा. पहिल्या दोन कामांना मदतीचे हात मिळतात, चौथ्याला पैसे मिळतात. तिसऱ्याला मात्र कोणी वाली नाही, कारण वाळवणे म्हणजे नुसते थांबणे, आणि थांबण्याची पावती फाडता येत नाही. सणवार, लग्नकार्ये, आलागेला ह्यांच्यापुढे थांबायला धीर लागतो. सुतक फिटल्यासारखे घर लवकर उजळावे असे प्रत्येकाला वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण त्यासाठी चुना आहे, रांगोळी आहे, तोरण आहे. डब्यातील महागडा रंग पाडव्यापर्यंत थांबू शकतो.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली पूरग्रस्त गावी जाऊन चिखल काढतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. माझी सूचना एवढीच की, पूर आला तर त्यांनी आणखी एक खेप दिवाळीच्या सुट्टीतही करावी. बरोबर कुदळ-फावडी नकोत, प्लॅस्टिकचे चौकोनी तुकडे आणि चिकटपट्टी असली की पुरे. घरोघरी भिंतीला ते लावावेत, दुसऱ्या दिवशी घरच्यांना बोलावून आतले थेंब दाखवावेत, आणि मराठीत किंवा कन्नडमध्ये, ज्याला जी भाषा जवळची तीत, त्या गवंड्याचे वाक्य सांगावे. एका घराचे रंगाचे पैसे वाचले तरी ती खेप नफ्यातच जमा होईल.